साडेतीनची सावली

सोहारच्या नव्या बागेत
माझं काम सावली मोजण्याचं.
हसू नका. पगारपत्रकावर वेगळंच लिहिलंय,
पण करतो ते हेच:
खडूनं सावलीची कड आखायची,
आत किती माणसं बसतील ते तक्त्यात मांडायचं,
तासाभरानं परत यावं
तर सावली उठून गेलेली,
खडूचं वर्तुळ उन्हात
रिकाम्या परातीसारखं.

झाडांची यादी वरून आली.
खजूर मीच खोडला.
रुबाब केवढा, सावली एका माणसापुरती,
तीही सरकती.
गुलमोहराचा आग्रह झाला. फुलं छानच,
पण घसरगुंडीचा पत्रा फुलांनी गार होत नाही.
दमास भराभर वाढतो, भिंतीसारखा दाट,
आणि मुळं पाइपात शिरतात
बिनबोलावल्या पाहुण्यागत.
कडुनिंब ठेवला. गावाकडचा माणूस भेटला
की त्याची शिफारस करावीच लागते.

राहिला गाफ.
रोपवाटिकेत मोतालेबनं काळ्या पिशवीतलं रोप पुढं केलं.
पान चुरगळलं, काटा बोटात गेला,
आणि मी म्हणालो, अरे, ही तर शमी.
सात वर्षं हिच्या शेजारून जातोय,
ओळख दिली नाही तिनं, मीही विचारली नाही.
नाव गाफ, झाड मात्र गाफील नाही:
वर वीतभर दिसतं तेव्हा
खाली कितीतरी पुरुष पाण्याच्या तपासाला गेलेलं.
हिच्यावरच हत्यारं बांधून ठेवून
पाच जण परक्या घरी राबले ना,
कुणी आचारी, कुणी घोड्यांच्या पागेत.
आमच्या खोलीत सहा जण आहेत.
वर्ष मात्र एकावर भागलं नाही.

इंजिनीअर बद्रिया म्हणाली,
गाफ हळू वाढतो. बसण्याजोग्या सावलीला
पंधरा वर्षं तरी. कंत्राट तीनचं आहे.
मग स्वतःशीच म्हणाली,
आजोबांचे उंट ज्याच्याखाली बसायचे
त्याचं कंत्राट कुणी काढलं होतं?

नकाशात एक गाफ होता पूर्वेच्या भिंतीशी.
त्यावर लाल शेरा:
सावली वाया. बागेबाहेर पडते.
आठ मीटर आत घ्यावा.

पडते खरी.
दुपार कलली की भिंत ओलांडून
पलीकडच्या फुटपाथवर उतरेल,
जिथं समोरच्या इमारतीवरची माणसं
सुट्टी संपायची वाट बघतात,
डोक्यावर ओला पंचा,
भिंतीच्या हातभर पट्टीत पाय आखडून.
साडेतीनला शिट्टी होते.
बागेत येत नाहीत ती.
मनाईचा फलक नाहीये कुठं.
तरी येत नाहीत.

आम्ही टेप धरला.
मोतालेब त्या टोकाला, मी या टोकाला.
आठाच्या जागी एक आला.
वहीत आठ लिहिले.
बद्रिया भिंतीकडे बघत राहिली,
मग भिंतीपलीकडे, टाचा उंचावून.
वारा होता ना मोजताना, तिनं विचारलं.
होता, मी म्हणालो.
पान हलत नव्हतं त्या दिवशी.
तिनं बाटलीतलं उरलेलं पाणी
खड्ड्यात ओतलं आणि गाडीत जाऊन बसली.

माझा व्हिसा पुढच्या मार्चपर्यंत.
झाडाला तसं काही सांगितलेलं नाही.

काल साडेतीनला
खडू घेऊन त्याच्यापाशी उकिडवा बसलो.
सावली आखली. माझ्या चपलेएवढी भरली.
भिंत फार लांब आहे अजून तिला.
पलीकडं शिट्टी झाली, पंचे झटकल्याचा आवाज आला.
तेवढ्यात एक मुंगळा
तापल्या फरशीवरून पळत पळत आला,
खडूच्या रेघेपाशी घुटमळला,
आत शिरला आणि थांबला.

तक्त्यात रकाना असतो: किती बसतील.
लिहिलं, एक.